साडेअकरा इंचांचं अंतर

सौंसर ते पांढुर्णा किती दूर, असं कुणी विचारलं तर आमची आत्या म्हणायची, "एक ब्लाऊज." नागपूर म्हणजे एक ब्लाऊज आणि एक परकर. छिंदवाडा म्हणजे अस्तराचा ब्लाऊज, कारण रस्ता घाटाचा. मोहगाव तिच्या हिशेबात अंतरच नव्हतं. "सहा हुक लावून होतात तेवढ्यात येते मोहगाव," असं ती म्हणायची.

नवखा माणूस गोंधळून जाई, पण सौंसरात कुणी गोंधळत नसे. तिच्या घराच्या समोरच्या खोलीत शिलाई मशीन होतं आणि खिडकीतून बसचा रस्ता दिसायचा. माझी आई मी आठ वर्षांचा असताना गेली. बाबा रेल्वेत होते, तिगाव स्टेशनवर ड्युटी आणि पांढुर्ण्याला घर. शाळेसाठी त्यांनी मला बहिणीकडे सौंसरला ठेवलं. शनिवारी शाळा सुटली की आत्या मला पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसवायची, घरी येऊन नवा ब्लाऊज मशीनवर घ्यायची, आणि त्याचा शेवटचा हुक लागला की शेजारच्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "पोहोचला विनू." त्या काळात आमच्याकडे फोन नव्हता. तिला त्याची गरजही वाटत नसे.

गाव तिला 'मापवाली' म्हणायचं. तिचा नवरा लग्नानंतर तीनच वर्षांत गेला होता. मूलबाळ नव्हतं. गळ्यात मंगळसूत्राच्या जागी शिंप्याचा पिवळा टेप असायचा, आणि तो ती लग्नातही काढत नसे. एकदा एका मंगल कार्यालयात जेवणाच्या पंगतीत वाढणाऱ्या बाईच्या पाठीकडे पाहून ती माझ्या कानात म्हणाली होती, "बाहीचा मुंढा अर्धा इंच चुकला आहे बिचारीचा. हात वर करता येऊन नाही राहिला." त्यानंतर मला ती बाई वाढताना दिसेना, नुसता तिचा अवघडलेला हात दिसत राहिला.

माप घेताना आत्याचा एक नियम होता. बायका टेप कमरेला लागला की नकळत पोट आत ओढतात. आत्या टेप सैल सोडून गप्प उभी राहायची. समोरच्या बाईला अखेर श्वास सोडावाच लागायचा. तो सोडला की आत्या टेप आवळायची. "पोट आत घेऊ नको वो बाई. मी माप घेऊन राहिली, फोटो नाही," असं ती म्हणायची. आणि कुणी फारच हट्ट केला तर, "खोटं माप दिलं तं शिलाई माझी बिघडत नाही. जीव तुझा कोंडते." हे वाक्य मी खोलीच्या कोपऱ्यात अभ्यास करता करता इतक्या वेळा ऐकलं आहे की ते मला पाढ्यांसारखं पाठ झालं होतं. पाठ असलेल्या गोष्टींचा उपयोग कधी होतो हे मात्र कळत नाही.

दुसरा नियम म्हणजे मापाचा ब्लाऊज ती घेत नसे. शिंप्याकडे जुना, अंगाला नीट बसणारा ब्लाऊज नमुना म्हणून देण्याची पद्धत सगळीकडे आहे. आमच्या आत्याला तो अपमान वाटे. "हे जुनं माप घेऊन मी काय करू? तू काय दोन वर्षांपासून तशीच बसून आहे का?" असं म्हणून ती तो परत करायची आणि बाईला उभं करायची.

तिच्या मापावर गावाचा किती विश्वास होता याची एक गोष्ट सांगतो. गावातल्या एका मुलीला नागपूरचं स्थळ आलं. मुलगा पाच फूट सहा इंच आहे असं त्याच्या घरचे म्हणत होते, मुलीच्या बापाला शंका होती, आणि विचारायची सोय नव्हती. त्यानं शेरवानीचं माप घ्यायचं निमित्त करून आत्याला बोलावलं. ब्लाऊज शिवणारी बाई नवरदेवाचं माप कशी घेते हे पाहायला अर्धी गल्ली गोळा झाली. तिनं सगळं माप घेतलं, वहीत लिहिलं, आणि मुलीच्या बापानं डोळ्यांनी विचारल्यावर सरळ सगळ्यांसमोर सांगितलं, "पाच फूट साडेतीन. बूट काढून." लग्न मोडलं. मुलाची मावशी सौंसरचीच होती. ती दोन वर्षं आत्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या वर्षी मुकाट्यानं ब्लाऊज शिवायला आली, कारण दुसऱ्या कुणाचा तिला बसत नव्हता.

नववीत मला निबंधाच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून पृथ्वीचा गोल मिळाला. जाड पुठ्ठ्याचा, निळ्या समुद्राचा. मी तो मशीनशेजारी ठेवला. आत्यानं त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि गळ्यातला टेप काढून विषुववृत्तावर गुंडाळला.

"कंबर सदतीस," ती म्हणाली. "बरी आहे. आपल्या सुमनबाईपेक्षा दोन इंच कमीच."

सुमनबाई दारातच उभ्या होत्या. शेजारच्या वामनभाऊंच्या त्या पत्नी. वामनभाऊंचं किराणा दुकान होतं आणि त्यांची मुलगी सुलू माझ्या दोन वर्ग मागे होती. सुमनबाई इतक्या हसल्या की त्यांना चौकटीला धरावं लागलं. पुढे कितीतरी दिवस त्या आत्याला विचारायच्या, "काय म्हणते आपली धाकटी बहीण? वाढली का कंबर?"

त्या गोलावर सौंसर नव्हतं. नागपूरचाही ठिपका नव्हता. आत्यानं मला विचारून विचारून जागा नक्की केली आणि तिथे एक टाचणी टोचली. पुढे बरीच वर्षं ती टाचणी एकटीच होती. नागपूरला ग्रंथालयशास्त्र शिकून, इकडेतिकडे नोकऱ्या करून मला कॅनडात टोरांटोच्या एका मोठ्या ग्रंथालयात काम मिळालं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी तिनं दुसरी टाचणी माझ्या हातात दिली. मी ती टोचली. तिनं मशीनवरचा पांढरा दोरा घेतला, सौंसरच्या टाचणीला बांधला आणि ताणून टोरांटोपर्यंत नेला.

दोरा मला वाटलं होतं तसा अरबस्तान, युरोप, समुद्र असा आडवा गेला नाही. तो सरळ वर गेला. हिमालय ओलांडून, रशियाच्या बर्फावरून, ग्रीनलँडच्या डोक्यावरून पलीकडे उतरला. मी म्हटलं, आत्या, चुकतंय. मी शाळेचा नकाशा काढून तिला दाखवला. आडवी वाट कशी सरळ आहे ते बोटानं दाखवलं. तिनं दोरा आडव्या वाटेनं ठेवून पाहिला आणि उरलेला ढिला भाग चिमटीत धरून माझ्यापुढे केला.

"तुझ्या पुस्तकात पृथ्वीले इस्त्री करून ठेवली आहे," ती म्हणाली. "गोलाईचं माप सपाट कागदावर येत नाही. कटोरी ब्लाऊज शिवून पाहय एकदा. दोरा ताणला की खोटं बोलत नाही, बेटा."

विमानात समोरच्या पडद्यावर चिमुकलं विमान वर वर चढत रशियाच्या बर्फावरून गेलं तेव्हा मी एकटाच हसलो. पोहोचल्यावर फोनवर तिला सांगितलं. "मले माहीत होतं," ती म्हणाली, आणि मग तिनं मला बराच वेळ प्रश्न विचारले. घरून किती वाजता निघालास, नागपूरहून विमान कधी सुटलं, दिल्लीत किती वेळ बसवलं, मोठ्या विमानात किती तास, उतरल्यावर घर किती दूर. मागून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. साडेअकरा इंच, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर, तिनं पृथ्वीच्या कंबरेवरून हिशेब केला होता. आणि वेळ अठ्ठावीस तास. "त्यात एक तास आपल्या लोकांच्या उशिराचा धरला आहे," ती म्हणाली.

मी विचारलं, ब्लाऊज किती होतात.

"अठरा," ती लगेच म्हणाली. "एका लग्नघरचं काम. तेवढं मी दोन दिवसांत उरकते. फार दूर नाही गेला तू."

त्या एका वाक्याच्या आधारावर मी तिथले पहिले दोन हिवाळे काढले.

आमच्या भागात माणूस गेला की पहिली मोजणी वाटेवर असलेल्यांची होते. कोण निघालं, कुठे पोहोचलं. नागपूरची गाडी सावनेर सोडून पुढे आली का, सौंसरची बस निघाली का, तिगावला गाडी थांबली का. ज्यांच्यासाठी थांबायचं त्यांच्यासाठी अंगणात माणसं तासन् तास बसून राहतात आणि कुणी कंटाळल्याचं दाखवत नाही. पण किती थांबायचं हे आधी ठरावं लागतं. ते विचारायचं असलं की लोक आत्याकडे पाहायचे. मोबाइलवर कुणीही क्षणात पाहू शकेल अशी ती गोष्ट, पण आमच्याकडे माप आत्याला विचारायची सवय होती.

बाबा गेले तेव्हा मी टोरांटोत सहा वर्षं काढली होती. तिथे संध्याकाळ होती, पांढुर्ण्यात पहाट. मी मुलाखतीसाठी शर्टाला इस्त्री करत होतो. माझी जागा कायम व्हायची होती आणि दोन दिवसांनी मुलाखत होती. चुलतभाऊ गजूचा फोन आला. तो रडत नव्हता, कामाला लागला होता. म्हणाला, "भाऊ, काका गेले. झोपेतच. आम्ही थांबून राहिलो. तुले किती टाइम लागते ते सांग."

मी त्याला थोड्या वेळानं फोन करतो म्हटलं. फोन ठेवला आणि विमान पाहिलं. त्याच दिवशी एक विमान होतं आणि त्यात जागा होती. हे मी आजवर कुणाला लिहून किंवा बोलून सांगितलेलं नाही. जागा होती. खिडकीची सुद्धा होती.

मी गजूला परत फोन केला आणि म्हटलं, "मला तीन दिवस लागतील रे. थांबू नका."

"तीन दिवस म्हणून राहिला," गजूनं तिथल्या लोकांना सांगितलं. कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, एवढे कसे. मग फोन आत्याच्या हातात गेला. ती बातमी कळताच सौंसरहून आली होती.

"तीन दिवस?" तिनं विचारलं.

"हो, आत्या. मध्ये खूप थांबावं लागतं. जागा नाहीत."

बाईनं श्वास सोडावा म्हणून टेप सैल धरून ती उभी राहायची, तशीच ती फोनवर उभी होती. मी श्वास सोडला नाही.

"बरं," ती म्हणाली. फोन तिनं बाजूला केला असावा, पण बंद केला नव्हता. मला ऐकू आलं. ती अंगणातल्या माणसांना सांगत होती, "तीन दिवसच लागतात तिकडून. मी मोजलं आहे. उचला."

बाबांना गजूनं अग्नी दिला. मला नोकरी कायम मिळाली. पुढे काही महिन्यांनी आमच्या एका सहकाऱ्याच्या कुत्र्याचं ऑपरेशन होतं म्हणून त्याची तसलीच मुलाखत एक आठवडा पुढे ढकलली गेली. त्यानं फक्त विचारलं होतं. मी विचारलंही नव्हतं. खरं तर मुलाखत हेही मी स्वतःला सांगितलेलं कारण असावं. बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी त्यांना फोन कमी कमी करत गेलो होतो, आणि ज्या माणसाशी बोलायला आपण उशीर केला त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं मला भय वाटलं. मुलाखतीनं ते झाकलं.

दीड महिन्यानं मी गेलो. आत्यानं काही विचारलं नाही. संत्र्यांचे दिवस होते, ती मला सोलून सोलून फोडी देत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं, आणि ती रागवत नाही हे पाहून मनाच्या एका कोपऱ्यात सुटकाही वाटत होती. गोल मशीनशेजारी होता. दोन्ही टाचण्या होत्या, दोरा तसाच ताणलेला होता. मी तिकडे पाठ करून बसायचो.

त्यानंतर तीन वर्षांनी गेलो तेव्हा मशीनजवळ एक गाठोडं दिसलं. उघडं होतं. त्यात जुने ब्लाऊज होते, प्रत्येकाला नवं कापड टाचलेलं. मी विचारलं, हे काय, तू तर मापाचे ब्लाऊज घेत नव्हतीस.

"आता डोळे नीट चालत नाहीत," ती म्हणाली. "नमुना असला की बरं पडते."

सुईत दोरा तिनं माझ्यासमोर पहिल्याच झटक्यात ओवला. ते मी पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. टेप तिच्या गळ्यात नव्हता, खिळ्याला टांगलेला होता.

खरं काय झालं ते मला टोरांटोत कळलं, सुलूकडून. वामनभाऊंची ही मुलगी नर्स होऊन आमच्याच शहराच्या एका उपनगरात राहायला आली होती. भारतीय किराणा दुकानात तांदळाच्या पोत्यांपाशी ती मला भेटली. तिची आई, सुमनबाई, मधल्या काळात गेल्याचं मला आत्यानं फोनवर सांगितलं होतं, पण तेवढंच. सुलूनं बाकीचं सांगितलं.

आई अत्यवस्थ असल्याचं कळताच सुलू टोरांटोहून निघाली होती. निघताना तिनं घरी निरोप पाठवला आणि ती विमानात बसली. ती हवेत असताना सुमनबाई गेल्या. मे महिना होता, सौंसरचा मे. लोकांनी वामनभाऊंना विचारलं, मुलीसाठी थांबायचं का. वामनभाऊ म्हणाले, किती थांबणार, तिकडून तीन दिवस लागतात, आपल्या मापवाल्या वहिनीनंच मोजलेलं आहे. आत्या त्या दिवशी एका लग्नघरची मापं घ्यायला मोहगावला गेली होती. तिला विचारायला ती तिथे नव्हती. तिचा शब्द मात्र होता, आणि तो कुणी उलटून तपासला नाही. दुपारी सगळं आटोपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलू दारात उभी राहिली.

आत्या संध्याकाळीच परतली होती. सुलू पोहोचल्याचं कळल्यावर ती त्यांच्या घरी गेली, आणि भरल्या घरात उभी राहून म्हणाली, "माझं माप चुकलं. विनूच्या वेळी विमानात जागा नव्हती म्हणून तीन दिवस लागत होते. ते मी कायमचं माप म्हणून सांगून बसली. चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही."

तिला कुणी उघड दोष दिला नाही. एवढंच झालं की हळूहळू बायका मापाचे ब्लाऊज आणू लागल्या, आणि ती ते परत करेनाशी झाली.

सुलूच्या बोलण्यात राग नव्हता. तिचा राग संपून गेला होता किंवा आत कुठे ठेवलेला होता. तांदळाचं पोतं ट्रॉलीत चढवत ती म्हणाली, "जाऊ दे. आत्यांना तरी काय माहीत. त्या कधी विमानात बसल्या?"

मी तिला पोतं चढवायला हात लावला आणि म्हणालो, "हो ना. तिला काय माहीत."

बाबांच्या वेळचं खोटं मी घाबरून बोललो होतो असं म्हणता येईल. दुकानातलं हे वाक्य बोलताना मला कसलीही घाई नव्हती, कुणी मरत नव्हतं, आणि समोर जी उभी होती तिला खरं ऐकायचा हक्क होता.

त्या संध्याकाळी आत्याला फोन करायला हवा होता. मी तो दुसऱ्या दिवसावर टाकला, मग रविवारवर. पुढे दोन वर्षं आम्ही दर रविवारी बोललो. हवा, संत्री, गजूच्या मुलांची शाळा. एकदा मी धीर करून म्हणालो, आत्या, मला सुलू भेटली होती. ती म्हणाली, "बरी आहे नं पोरगी? जेवते नं नीट?" मी बरी आहे म्हटलं. तेव्हाही ती थोडी थांबली होती, टेप सैल धरून. मी हवेबद्दल बोलायला लागलो.

ही गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पुन्हा माझी संध्याकाळ, तिकडची पहाट, पुन्हा गजूचा फोन. दोन दिवस ताप होता, आत्या गेली. मी म्हणालो, थांबा, मी निघतो.

गजू जरा अडखळला. "भाऊ, आत्यानं सांगून ठेवलं होतं. विनूले विमानात जागा भेटत नाही, तीन दिवस लागतात, त्याच्यासाठी थांबू नका, मले ताटकळत ठेवू नका. काल सुद्धा म्हणाली. सगळे तयारीले लागले आहेत."

ती जाता जाताही माझं खोटं सांभाळत होती. मी वेळेत पोहोचलो असतो तर बाबांच्या वेळी का नाही, असं कुणीतरी विचारलं असतं, म्हणून तिनं मला पोहोचण्यातूनच सूट देऊन ठेवली होती. मला फक्त बरं म्हणायचं होतं. गजूनं तेवढं ऐकून फोन ठेवला असता, आणि सौंसरात माझं नाव स्वच्छ राहिलं असतं.

मी विचारलं, "तिथे कोण कोण आहे?"

"सगळे आहेत. वामनभाऊ आहेत, गल्लीतल्या बायका आहेत."

"फोन मोठ्यानं लाव."

त्यानं लावला. अंगणातला आवाज ऐकू येऊ लागला, भांड्यांचा, चपलांचा. मी म्हणालो, "तिकडे यायला तीन दिवस लागत नाहीत. बाबांच्या वेळीही लागत नव्हते. विमान होतं, जागा होती, मी आलो नाही. आत्याला हे माहीत होतं. तिचं माप चुकलं नव्हतं. मी खोटं बोललो आणि तिनं ते स्वतःवर घेतलं."

भांड्यांचा आवाज थांबला. मग एक म्हातारा आवाज आला. वामनभाऊंचा.

"किती लागते?"

"अठ्ठावीस तास."

मग ते म्हणाले, "निघ. आम्ही थांबतो."

ज्या माणसानं स्वतःच्या मुलीसाठी बायकोला थांबवलं नव्हतं, तो माझ्यासाठी थांबला. हिवाळा होता म्हणून जमलं. बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या. विमानात मी पडद्यावरची ती वाट पाहिली नाही, पडदा बंद करून ठेवला. दिल्लीला उशीर झाला, नागपूरच्या रस्त्यावर भरून निघाला. सौंसरला उतरलो तेव्हा सकाळचं ऊन अंगणात आलं होतं आणि माणसं जागोजागी बसलेली होती. कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. वाट करून दिली.

वामनभाऊ आत्याच्या उशाशी खुर्चीवर बसले होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग वाकून, ऐकायला कमी येणाऱ्या माणसाशी बोलावं तसं, सावकाश आणि मोठ्यानं ते तिला म्हणाले, "वहिनी, अठ्ठावीस तास. माप बरोबर होतं."

बायकांपैकी एकजण उठली, आत गेली, आणि खिळ्यावरचा पिवळा टेप आणून तिनं तो आत्याच्या गळ्यात घातला.

तेरावा होईपर्यंत मी तिथे राहिलो. मशीनच्या खणात तिची मापांची वही होती. माझ्या नावाच्या पानावर साडेअकरा इंच आणि अठ्ठावीस तास असं लिहिलेलं आहे. तोंडानं ती तीन दिवस म्हणत राहिली, वहीतलं तिनं खोडलं नव्हतं. ती वही आणि तो गोल मी इकडे आणला. प्रवासात दोरा तुटला. मी नवा बांधलेला नाही.

निघायच्या दिवशी वामनभाऊ दुकानाच्या पायरीवर होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलावं हे मी तेरा दिवस जुळवत होतो. त्यांनीच मान वर केली.

"सुलूले मी नाही सांगितलं," ते म्हणाले. "गजूले अन् बाकीच्यांलेही सांगू नका म्हटलं. तू सांग. तुझ्या तोंडानं."

मी हो म्हटलं.

माझ्या घरापासून सुलूचं घर बसनं चाळीस मिनिटांवर आहे. अर्धा ब्लाऊज, आत्या म्हणाली असती. मला परतून तीन आठवडे झाले. पहिल्या रविवारी मला बरं वाटत नव्हतं, दुसऱ्या रविवारी बर्फ पडत होता. मग मी हे लिहायला बसलो, आणि हळूहळू लिहीत राहिलो, कारण लिहीत असेपर्यंत जावं लागत नव्हतं.

आता लिहून झालं आहे. आज रविवार आहे, सुलू घरी असते. बसला अजून वीस मिनिटं आहेत. मी जोडे घातले आहेत.